भरतीचे गडी

खेळ चांगला होता याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. वाईट खेळ लोकांनी सोडला तर खेळाला नावं ठेवून माणूस मोकळा होतो. हा खेळ सोडून जाणारे मात्र जाताजाता त्याचं कौतुक करून जात होते.

खेळाचं नाव ‘पैलतीर’. नदीच्या अलीकडच्या काठाला एक नाव लागलेली असते. तिच्यात चौघं बसतात, चार घरांतून, आपापल्या फोनवरून, आणि एकमेकांशी लिहून बोलतातही. दोघांनी वल्ही मारायची, एकाने आत शिरलेलं पाणी उपसायचं, एकाने सुकाणू धरायचं. वाटेत भोवरे, वाहत येणारे ओंडके आणि एक मोठा काळा खडक. पाव तासात पलीकडे पोचायचं, पोचलं की बिगूल वाजतो आणि चौघांतल्या एकाला सोन्याचं वल्हं मिळतं. एकदा जमलेली चौकडी रोज तीच राहते. नाव ऐकल्यावर आत्याने विचारलं होतं की पैलतीरावर जायची एवढी घाई कुणाला झालीय. पण खेळायला बसली ती बसलीच.

ही आत्या म्हणजे खेळ बनवणाऱ्या कचेरीतल्या एका मुलीची आत्या. त्या मुलीला आपण भाचीच म्हणू, कारण या गोष्टीत तिची जी काही फजिती झाली ती भाची म्हणूनच झाली. कचेरीत तिच्या हुद्द्याला लांबलचक नाव होतं. काम मात्र एवढंच, की खेळाच्या पोटातली यंत्रणा लिहायची आणि ती बिघडली की बोलणी खायची.

कचेरी म्हणजे छापखान्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या, सहा माणसं, सात खुर्च्या आणि चहाचं एक यंत्र, जे गरम पाणी सोडून बाकी काही देत नसे. मालकाला सगळे थोरले म्हणत. वय चाळीसच, पण बाकीच्यांत थोरले तेच. त्यांनी एका सकाळी सगळ्यांना गोळा करून शांतपणे सांगितलं की नव्या येणाऱ्या हजारांतले दोनशे जण तरी दुसऱ्या आठवड्यात टिकायला हवेत. महिनाअखेरपर्यंत तसं झालं नाही तर खेळ बंद करायचा आणि सगळ्यांनी दवाखान्यांसाठी रुग्णांचे नंबर लावणारी यंत्रणा करायच्या कामाला लागायचं. त्या दिवशी टिकत होते साठ.

 दोन वर्षं भाचीने या नदीवर काढली होती. कुठल्या वळणावर पाण्याचा आवाज बदलतो हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. दवाखान्यांच्या नंबरांशी तिचं काही वैर नव्हतं, पण त्यांच्यासाठी ती काही सकाळी धावतपळत आली नसती.

मग सुरू झाले उपाय. रोज येणाऱ्याला रंगीत शीड द्यायचं. तीन दिवस ओळीने आला तर कंदील. न येणाऱ्याला निरोप, ‘बक्षीस तुमची वाट पाहत आहे’. लोक यायचे, शीड घ्यायचे आणि लग्नात जेवून निघालेल्या पाहुण्यांसारखे मुकाट्याने चालू लागायचे. कचेरीतल्या चित्रकाराने नावेतल्या माणसांसाठी अकरा नव्या टोप्या काढल्या. टोप्या सगळ्यांना आवडल्या. आकडा साठाचा एकसष्ट झाला आणि परत साठावर आला.

शेवटी भाचीने सरळ फोन उचलला. सोडून गेलेल्या चाळीस जणांना तिने एकेक करून विचारलं. एक दंतवैद्य, एक पाव भाजणारा, ग्रंथालयातली एक बाई, दोन जुळे भाऊ. सगळे गोड बोलले. मजा यायची म्हणाले. मग सोडलंत का, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, तसं काही नाही, राहून गेलं. भाचीला याचं भारी नवल वाटलं. माणूस ज्या गोष्टीत रमतो ती राहून कशी जाते? बस चालवणारी एक बाई तेवढी जरा वेगळं बोलली. ती म्हणाली, माझ्यावाचून काही अडत नव्हतं ना तिथे. भाचीने ते ‘इतर’ या रकान्यात लिहून ठेवलं आणि पुढचा नंबर फिरवला.

आता भरतीच्या गड्यांबद्दल सांगायला हवं, कारण भाचीच्या सगळ्या कामात तिला अभिमान होता तो त्यांचाच. पहिल्या वर्षी रोज एकच तक्रार यायची. नाव ऐन भोवऱ्यात असताना एकाच्या दारावरची बेल वाजायची, तो उठून जायचा आणि उरलेले तिघं गटांगळ्या खायचे. कुणाचं दूध उतू जायचं, कुणाचं बाळ उठायचं. त्यावर भाचीने उपाय काढला. माणूस उठला की तीन सेकंदांत त्याच्या जागी खेळातलाच एक गडी बसायचा. तीच टोपी, तेच नाव. बाकीच्या तिघांना कळायचंही नाही, नाव आपली चालू. कचेरीत त्यांना भरतीचे गडी म्हणायला लागले. पुढे चित्रकाराने सुचवलं की दुसऱ्या दिवशी तो माणूस आलाच नाही तरी गडी बसू दे, उगाच चौकडी मोडायला नको. भाचीने तेही केलं. गडी मुका वाटू नये म्हणून तिने त्याला चार शब्दही शिकवले. ‘शाब्बास’, ‘जरा डावीकडे’, ‘वाचलो’ आणि ‘उद्या भेटू’. त्या दिवशी थोरल्यांनी सगळ्यांना केक आणला होता.

सतरा दिवस उरले होते तेव्हा भाची जेवायच्या सुट्टीत आत्याकडे गेली. आत्याचं दुकान कचेरीपासून दोन गल्ल्या पुढे. कपडे दुरुस्तीचं दुकान, नवीन शिवत नाही अशी पाटीच होती. लोकांच्या विजारींच्या चेन, कोटांची अस्तरं, वजन वाढल्यावर सैल करायच्या आणि कमी झाल्यावर घट्ट करायच्या कमरा. लग्न तिने केलं नाही. विचारलं तर सांगायची की मापात बसणारं कुणी आलंच नाही. रोज दोन वाजता ती दारावरची पाटी उलटी करायची आणि सव्वादोनपर्यंत ‘पैलतीर’ खेळायची. खेळात तिचं नाव ‘टाचणी’. तिच्या चौकडीत ढोल्या, माळीणकाकू आणि ‘तिसरा मजला’ असे तिघं होते. कुणीच कुणाला पाहिलं नव्हतं, पण जेवताना आत्या त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तशी बोलायची. ढोल्याचं खाताखाता वल्हवणं, माळीणकाकूंचं फटकळ बोलणं, तिसऱ्या मजल्याचं दर दोन मिनिटांनी माफी मागणं, हे सगळं भाचीला तोंडपाठ झालं होतं.

त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दारावरची पाटी सुलटी होती. आत्या एका बाहीची शिवण उसवत बसली होती. फोन खडूंच्या डब्यात पडला होता आणि त्याच्यावर पांढरी भुकटी बसली होती.

 सगळं जग सोडून गेलं तरी चालेल, पण आत्या? भाचीने विचारलं, कंटाळा आला का. आत्याने आधी दोरा दाताने तोडला. मग चष्मा कपाळावर चढवला, म्हणजे आता ती नीट बोलणार होती.

"कंटाळा नाही आला. शंका आली," ती म्हणाली.

झालं असं होतं की आठवड्यापूर्वी खेळ चालू असताना एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं. आत्याने फोन इस्त्रीच्या कापडाखाली सरकवला आणि बोलण्यात विसरून गेली. वीस मिनिटांनी पाहिलं तर नाव पलीकडे पोचलेली आणि सोन्याचं वल्हं टाचणीला मिळालेलं. आत्याला हे अजब वाटलं. आत्याला एखादी गोष्ट अजब वाटली की ती उसवून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम फोन कापडाखाली ठेवला आणि समोर बसून काजं केली. नाव पोचली. तिसऱ्या दिवशीही पोचली आणि परत वल्हं टाचणीलाच. ती असताना सहा महिन्यांत तिला वल्हं फक्त चारदा मिळालं होतं.

मग ती बाकीच्यांकडे बारकाईने बघायला लागली. तिने भाचीपुढे दोन कापडं टाकली, एक हाताने शिवलेलं, एक मशीनवर. हाताची टीप कुठे ना कुठे हलते, ती म्हणाली. शिवणारा शिंकतो, बोलतो, चहा पितो, ते सगळं टिपेत उतरतं. काळ्या खडकापाशी ढोल्या रोज उशीर करायचा, रोज नाव घासायची आणि माळीणकाकू त्याचा उद्धार करायच्या. गेले काही दिवस नाव घासत नव्हती.

"मी म्हटलं, सुधारला. मग म्हटलं, या वयात कोण सुधारतं?" आत्याने चष्मा खाली घेतला. "तो ढोल्याच आहे का गं?"

भाचीला त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, बघून सांगते.

कचेरीत येऊन तिने आत्याच्या नावेची नोंद उघडली. ढोल्या तेवीस दिवसांपूर्वी शेवटचा बसला होता. त्याच्यानंतर आठवड्याने तिसरा मजला गेला. माळीणकाकू नऊ दिवसांपूर्वी. म्हणजे गेले नऊ दिवस आत्या तीन भरतीच्या गड्यांना घेऊन नदी ओलांडत होती आणि ते तिला शाब्बास म्हणत होते. इथवर भाचीची तयारी होती. पुढची ओळ वाचून मात्र ती खुर्चीतून उठलीच. ज्या दिवशी आत्या काजं करत बसली होती त्या दिवशी टाचणीच्या जागी चौथा गडी बसला होता. नावेत कुणीच नव्हतं. तरी ती भोवऱ्यातून सुटली, खडकाला वळसा घालून गेली, चौघांनी एकमेकांना शाब्बासकी दिली, बिगूल वाजला आणि उद्या भेटू म्हणून सगळे निघून गेले.

अशा नावा किती असतील, हे कुतूहल तिला गप्प बसू देईना. तिने आदल्या दिवशीच्या सगळ्या नावा मोजल्या. अकराशे नावा पलीकडे पोचल्या होत्या. त्यांतल्या तीनशे बारा रिकाम्या होत्या.

तिने थोरल्यांना आणि चित्रकाराला बोलावून पडद्यावर ते दाखवलं.  मग चित्रकाराने हळूच विचारलं की माझ्या टोप्या घालून कुणीच बसलं नव्हतं का? थोरले आधी हसले, मग त्यांचं हसू मावळलं. टिकणाऱ्या साठांतही भरतीचे गडी मोजले जात होते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. खरी माणसं निघाली अडतीस. ते म्हणाले, मग महिनाअखेरची वाट तरी कशाला बघायची.

भाचीने बस चालवणाऱ्या बाईचं वाक्य ‘इतर’च्या रकान्यातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं. खेळात मजा आहे म्हणून माणूस येतो, ती म्हणाली, पण आपण त्याच्यासाठी रोज यायचं कारणच ठेवलं नाही. तो उठला तर कुणाचं अडत नाही, आला नाही तर कुणाला कळत नाही. ती व्यवस्था मीच केली आणि आपण तिच्यावर केक खाल्ला.  उरलेले दिवस तरी गडी काढून टाकू द्या, एवढंच तिने मागितलं. चौघं जमल्याशिवाय नाव काठावरून सुटणार नाही. मध्येच कुणी उठला तर नाव तिथेच थांबेल. फारच खोळंबा झाला तर नवा माणूस मागून घ्यायची सोय राहील, पण माणूसच. आणि बक्षिसाच्या निरोपाऐवजी, गेलेल्याला नावेतल्या लोकांनीच आपल्या हाताने दोन ओळी लिहायच्या. लोक चिडतील, थोरले म्हणाले. चिडू देत, भाची म्हणाली. थोरल्यांनी खांदे उडवले आणि होकार दिला.

आत्याला सांगणं याहून अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी दुकानात स्टुलावर बसून भाचीने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आत्या सुईत दोरा ओवत होती. तो तिसऱ्यांदा चुकला.

"म्हणजे नऊ दिवस मला शाब्बास कोण म्हणत होतं?"

"मीच लिहिलं होतं ते, आत्या. एकदाच. सहा महिन्यांपूर्वी."

भाचीला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिला वाटलं होतं आत्या रागावेल, रागावली असती तर बरं झालं असतं. आत्याने नुसती मान हलवली. माळीणकाकूंनी आपल्या कुंड्यांबद्दल काही विचारलं होतं आणि उत्तर द्यायचं राहून गेलं, असं काहीतरी ती पुटपुटली. मग तिने खडूच्या डब्यातून फोन काढला, पदराने पुसला आणि तिघांना निरोप लिहायला घेतला. ढोल्याला लिहिलं ते भाचीने खांद्यावरून वाचलं. ‘ढोल्या, नाव काठाला आहे. मी दोन वाजता बसते. येणार नसशील तर तसं सांग, म्हणजे मी बाह्या लावायला घेते.’

थोरल्यांचा अंदाज खरा ठरला, लोक चिडले. नावेचा दोर सुटत नाही म्हणून शिव्या आल्या, काही जण त्याच दिवशी कायमचे गेले. पहिल्या आठवड्यात आकडा अडतिसाचा एकतीस झाला आणि भाचीचं जेवणावरचं मन उडालं. पण नावांतून आता काही वेगळंच ऐकू येत होतं. दोघं-तिघं बांधलेल्या नावेत बसून चौथ्याच्या नावाने बोटं मोडत होते. कुठे गेला, आजारी तर नाही, काल म्हणत होता परीक्षा आहे. शोधाशोध करून लोक एकमेकांना ओढून आणत होते. दुसऱ्या आठवड्यात आकडा सत्तरवर गेला.

आत्याच्या नावेत तिसऱ्या दिवशी माळीणकाकू आल्या आणि आल्याआल्या भांडल्या. पाचव्या दिवशी तिसरा मजला आला आणि त्याने चारदा माफी मागितली. ढोल्या आला नाही. नवा माणूस मागून घेता आला असता, तो विषय आत्याने काढू दिला नाही. रोज दोन वाजता ते तिघं बांधलेल्या नावेत बसायचे, पाव तास गप्पा मारायचे आणि एक वल्हंही न मारता उठायचे. कुंड्यांतल्या मुंग्यांवर काय घालावं, तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट कधी सुरू होणार, हे भाचीला परत तोंडपाठ झालं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी हजारात एकशे दहा टिकले. दोनशे नव्हते. थोरले म्हणाले, संध्याकाळपर्यंत विचार करतो; पण त्यांनी दवाखान्याची कागदपत्रं टेबलावर काढून ठेवलेली भाचीने पाहिली होती. आत्याला आधीच सांगावं म्हणून ती दोनच्या सुमाराला दुकानात आली. पाटी उलटी होती. आत्या बोटातलं अंगुस्तान न काढताच फोन धरून बसली होती आणि तिने हाताने भाचीला गप्प केलं.

पडद्यावरच्या नावेत फळीवर रोज तशीच पडून असलेली ढोल्याची टोपी उचलली गेली होती.

माळीणकाकूंनी विचारलं, इतके दिवस होतास कुठे. ढोल्याचं उत्तर यायला वेळ लागला, तो बहुतेक खात असावा. मग ते एकदमच आलं.

"टाचणीचा निरोप कालच पाहिला. पोरीला ताप होता, आठवडाभर जमलं नाही. नंतर आलो होतो की, दोनदा. तुमच्या नावेत माझी टोपी घालून ढोल्या बसलेला. खडकाला सुद्धा लागू दिली नाही त्याने. म्हटलं, बरं चाललंय यांचं."

भाचीने ते दोनदा वाचलं. सोडून गेलेल्यांना तिने फोन केले होते, शिडं वाटली होती, कंदील वाटले होते. परत आलेला माणूस आपलीच टोपी बघून काठावरून मागे फिरला, असंही होत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. असे किती जण परत फिरले असतील, याची तर नोंदच नव्हती. तिने ती ओळ उतरवून जशीच्या तशी थोरल्यांना पाठवली.

आत्या एका बोटाने सावकाश लिहीत होती.

"बरं कुठलं. सरळ चाललं होतं. बस आता."

दोर सुटला. पहिला भोवरा त्यांनी कसाबसा काढला. तेवढ्यात भाचीच्या फोनवर थोरल्यांचं उत्तर आलं, दवाखान्यांना पुढच्या महिन्यात बघू. ती आत्याला सांगायला वळली, पण आत्याला उसंत नव्हती. काळा खडक समोर आला होता, आत्या ढोल्याच्या नावाने ओरडत होती आणि ढोल्याला नेहमीसारखा उशीर झाला. नाव खडकाला घासली, पाणी आत आलं, उपसताउपसता माळीणकाकूंनी ढोल्याच्या सात पिढ्या काढल्या आणि तिसऱ्या मजल्याने सगळ्यांच्या वतीने माफी मागितली.

दाराच्या काचेवर एक गिऱ्हाईक विजार घेऊन टकटक करत होतं. सव्वादोन वाजून गेले होते. भाचीने दार किलकिलं करून त्याला सांगितलं की जरा थांबा, नाव अजून मध्येच आहे.